पट्ट्याला घातलेले टाके

६ जानेवारी, सोमवार
उणे अकरा. वारा वायव्येचा, बर्फ भुरभुरतंय. आज बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण, म्हणून घोड्यांच्या साजाचं माझं दुकान बंद. दुपारी मुलगी लेना आणि जावई बाळाला घेऊन आले. माझी बायको युस्टीना हिने काल केलेले पाव, चीज, जॅम आणि कॉफी. नंतर सगळे सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलो. बाळ दोन महिन्यांचं झालं. नाव टीना. माझ्या आईचं.

लेनाच्या गाडीतली बाळाची सीट तिला आतेबहिणीकडून मिळाली आहे. शेडमध्ये पडून असताना उंदरांनी एका बाजूचा पट्टा कुरतडलाय. म्हणाली, "पपा, एवढं बघा ना." सणाच्या दिवशी काम करत नाही, म्हणून ठेवून घेतली. तिच्या नवऱ्याचा भाऊ आज त्यांच्याबरोबर होता. परत जाताना बाळाला त्याने मांडीवर घेतलं. पाच किलोमीटर तर जायचं.

युस्टीनाने बाळाला थोडा वेळ घेतलं आणि लगेच परत दिलं. थंडीत तिचं मनगट ठणकतं. मेक्सिकोत मोडलं होतं ते.

७ जानेवारी, मंगळवार
पट्टा दुरुस्त केला. कुरतडलेला तुकडा कापला, दोन टोकं एकावर एक घेतली, आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घातली. यंत्राचा टाका एका जागी तुटला की सगळा उसवतो. दोन सुयांचा उसवत नाही, दुसरा दोरा धरून ठेवतो. वडिलांनी मला मेक्सिकोतल्या आमच्या जर्मन बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या वसाहतीत बारा वर्षांचा असताना शिकवलं ते हेच. गावच्या शाळेत सहा हिवाळे गेलो, पण पोट भरलं ते या टाक्यावर. आठशे किलोचा घोडा माझ्या साजाने गाडा ओढतो. हे तर पाच किलोचं बाळ.

मुलांच्या सीटचे पैसे मी घेत नाही. देवाने हाताला कसब दिलं, त्यातलं थोडं त्याच्याकडे परत.

११ जानेवारी, शनिवार
आज सविस्तर लिहितो.

सकाळी लेनाचा फोन. बाळंतिणींना भेटायला येणाऱ्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं, की अग्निशमन केंद्रात शनिवारी मुलांच्या सीट तपासून देतात. ती गेली. आणि आता तिथली बाई तिला घरी जाऊ देत नव्हती. लेना रडवेली झाली होती.

मी गेलो. बाई साठीची, दंडावर अग्निशमन दलाचं चिन्ह, नाव डोरीन. टेबलावर आमची सीट उलटी करून ठेवली होती.

"हे कुणी शिवलं?" तिने विचारलं.

"मी."

"फार सुंदर काम आहे. आता ही सीट फेकून द्या."

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. लेनाला विचारलं. लेना खाली बघून म्हणाली, "बरोबर ऐकलंत, पपा."

मी म्हणालो, हा टाका घोड्याला तुटत नाही. डोरीनबाई म्हणाली, "टाका नाही हो तुटणार. घोडा ओढतो, आदळत नाही. हा पट्टा विणलेला आहे, तो आदळताना ठरावीक एवढाच ताणला जावा म्हणून. तुम्ही त्याच्या वीणेत वीस भोकं पाडलीत."

मग तिने लेनाच्या पिकअपकडे बोट केलं. पुढे एकच बाक असलेली जुनी गाडी. लेना सीट पुढे, ड्रायव्हरशेजारी बांधत होती, बाळाचं तोंड मागे करून. बाळ दिसत राहतं म्हणून. बाई म्हणाली, समोर एअरबॅग आहे; ती बाळाच्या डोक्यामागेच फुटेल. मऊ उशी नाही ती. डोळ्याची पापणी मिटायच्या आत तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. मोठ्या माणसाचा जीव वाचवते, लहानाचा घेते. बारा वर्षांपर्यंत मूल मागेच. आणि तो जाड कोटसुद्धा पट्ट्याच्या आत नको. कोट दबतो आणि पट्टा सैल राहतो. कोट वरून पांघरायचा.

मी विचारलं, "किती वेग असला की फुटते?"

"फार लागत नाही. वीस-पंचवीसने भिंतीला लागली तरी फुटू शकते."

"आणि मूल आईच्या मांडीवर असलं तर?"

"मग मूल आईच्या आणि एअरबॅगच्या मध्ये. आईने कितीही घट्ट धरलं तरी. हातांनी धरणं शक्यच नाही. पैलवानालाही नाही."

मी पुन्हा विचारलं, "घट्ट धरलं असलं तरी?"

"तरीही," ती म्हणाली.

तिने लेनाला गरजूंना सीट देणाऱ्या तिच्या संस्थेकडची नवी सीट दिली. लेना आणि बाळ माझ्या चार दारांच्या गाडीत मागे बसून घरी आले. जावई ती पिकअप विकून मागे बाक असलेली घेणार आहे. तोवर बाळाला न्यायचं असलं की माझी नेतील.

रात्रीच्या जेवणाला युस्टीनाने विचारलं, "ती बाई काय काय म्हणाली?" मी म्हणालो, "पट्ट्याचंच." बाकीचं सांगितलं नाही. जुनी जखम कशाला उकरायची?

इथे लिहून ठेवतो, कारण मी ते कधीच लिहिलेलं नाही. आमचा हाइनी तीन वर्षांचा होता. सतरा वर्षांपूर्वी, मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात, आमच्या वसाहतीत. टेक्सासहून आणलेली पिकअप, आमची पहिलीच. मी चालवत होतो. युस्टीना शेजारी, हाइनी तिच्या मांडीवर. वळणावर माती निसरडी, गाडी पुलाच्या कठड्याला लागली. समोरची काचसुद्धा फुटली नाही. युस्टीनाचं मनगट मोडलं. हाइनी गेला. मी तेव्हा म्हणालो होतो, इतक्या हळू गाडीत कुणी मरत नाही, म्हणजे ही देवाची इच्छा. सगळे तेच म्हणाले. युस्टीना काही म्हणाली नाही. तिने ते स्वीकारलं असं मी समजतो.

१३ जानेवारी, सोमवार
दुकानात कुणी नव्हतं. तुळईला साखळी बांधली. फेकायला म्हणून आणलेल्या लेनाच्या सीटचा शिवलेला पट्टा टांगून खाली साठ किलोची ऐरण अडकवली. आरामात धरली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ऐरण छातीइतकी उचलून सोडली.

टाका शाबूत राहिला. एकही दोरा सुटला नाही. पट्टा टाक्याशेजारी फाटला, आरीच्या भोकांच्या ओळीने, कागद फाटतो तसा.

मग त्याच सीटचा दुसरा, न शिवलेला पट्टा टांगला. तो तुटला नाही.

चामडं भोक सहन करतं, ते मला ठाऊक होतं. सगळं जगच चामड्याचं असल्यासारखा मी शिवत आलो.

१४ जानेवारी, मंगळवार
जुन्या वह्या काढल्या. जे शिवलं ते त्या दिवशी लिहिलेलं असतं. सात वर्षांत लेनाची धरून नऊ सीट. नऊ मुलं म्हणायला हवं, पण आपल्यात सीट एका मुलाची नसते. बहीण बहिणीला देते, ती नणंदेला, ती शेजारणीला. फेकून देणं आपल्याला जमत नाही. नऊ सीटांत आजवर किती मुलं बसली असतील, देव जाणे. एकाही गाडीला अपघात झाला नाही. ही कृपा आहे. पण कृपेवर हक्काने विसंबायचं नसतं.

डोरीनबाईंना फोन केला. म्हणाल्या, आणा सगळ्या, आणि पट्टे कापा, नाहीतर कुणीतरी कचऱ्यातून उचलून पुन्हा वापरेल. मी म्हणालो, आमच्यात तर नक्कीच. त्या हसल्या.

१९ जानेवारी, रविवार
प्रार्थनेनंतर आमचे उपदेशक ओम इझाक यांच्याकडे गेलो. उपदेशकाला आम्ही ओम, म्हणजे काका, म्हणतो. सीट परत आणायला चर्चच्या मंडळीत जाहीर करा म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फ्रांझ," ते म्हणाले, "बायका घाबरतील. पट्ट्यावर विसंबायचं की देवावर?"

मी म्हणालो, "तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर गवत खाली टाकायचं भोक आहे ना?"

"आहे. मग?"

"त्याच्याभोवती कठडा कुणी घातला?"

"मीच. नातवंडं वर खेळतात."

"तेव्हा देवावरचा विश्वास कमी झाला होता का?"

त्यांनी हातातल्या बिया खाली ठेवल्या. मग म्हणाले, "वीस वर्षं तोंड उघडलं नाहीस आणि आज माझ्याच कठड्याने मला मारतोस." पुढच्या रविवारी जाहीर करणार आहेत. पण अट घातली: चूक माझी आहे असं स्वतः उभं राहून सांगायचं. मला ते योग्य वाटलं. झोप मात्र आली नाही.

२६ जानेवारी, रविवार
उभा राहिलो. म्हणालो, "मी नऊ सीट शिवल्या. चांगल्या शिवल्या असं मला वाटत होतं. त्या धोक्याच्या आहेत. मला परत द्या, माझ्यावर उपकार करा." एवढंच बोललो. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हळूच म्हणालं, "आता आपल्या घोड्यांचं काय रे?" दोन-चार जण हसले. मला राग आला नाही. बराच आला, पण थोडा वेळ.

३० जानेवारी, गुरुवार
पाच मिळाल्या. लेनाची धरून सहा. विधवा मार्गारेथ वॉल हिच्याकडची सीट घ्यायला गेलो तर तिने दारातूनच सांगितलं, "ती मिळायची नाही. मांजर व्यालंय त्यात."

"मांजर गाडीत नेत नाहीस ना?"

"चर्चला आणू म्हणतोस?"

शेवटी खोक्यात गोधडी घालून पिल्लं हलवली. मांजरीने मला ओरबाडलं. मार्गारेथ म्हणाली, "बघ, तुझ्यावर राग धरणारी एकटी मी नाही."

ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांना नवी सीट देतो. काही डोरीनबाईंच्या संस्थेकडून, काही मी आणतो. युस्टीना विचारत नाही कुठून. ती माझ्याबरोबर गाडीत येते आणि घरात जाऊन त्या बायकांशी बोलते. काय बोलते मला ठाऊक नाही. बायकांचं बोलणं.

५ फेब्रुवारी, बुधवार
आठ झाल्या. पट्टे सगळ्यांचे कापले. प्रत्येक वेळी आधी टाके पाहून घेतो. एकसारखे, सरळ. मला त्यांचा अभिमान वाटत राहतो आणि लाजही वाटते, एकाच वेळी. यावर प्रार्थना केली. उत्तर मिळालं नाही, पण कात्री चालली.

नववी सापडत नाही. चार वर्षांपूर्वी आब्राम नॉयफेल्डसाठी शिवली होती. त्याने मेव्हणीला दिली. मेव्हणी म्हणते विनिपेगला गेलेल्या कुणालातरी. ते म्हणतात आम्ही कधी घेतलीच नाही.

ती सगळ्यात वाईट आहे. तिचे दोन्ही पट्टे मी शिवलेत. वहीत लिहिलंय: "दोन्ही खांदे. छान झालं."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
नववीचा पत्ता लागला. आब्रामच्या बायकोला आज दुकानात अचानक आठवलं. सूश हार्डरकडे आहे. सूश बावीस वर्षांची, तिचा मुलगा सात महिन्यांचा. आणि हार्डर मंडळी उद्या सकाळी मेक्सिकोला निघतात, हिवाळ्यात इथे काम नसतं म्हणून. तीन दिवस गाडी. सगळं टेक्सास ओलांडून. मंडळीत जाहीर केलं तेव्हा ती बाळाच्या आजारपणामुळे आली नव्हती.

फोन लागत नाही. बहुतेक बिल भरणं थांबवलंय, परत येईपर्यंत. घरी गेलो तर कुलूप, निरोपाला फिरतायत. दाराला चिठ्ठी अडकवून आलो. शहरात जाऊन एक सीट घेऊन ठेवली. सकाळी सातला जायचं.

युस्टीना म्हणाली, मीही येते, बहिणीसाठी पुडकं द्यायचंय. वसाहतीला कुणी निघालं की सगळे पुडकी देतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार
उणे सहा, आकाश स्वच्छ.

हार्डरांची व्हॅन अंगणात उभी, इंजिन चालू. मागे खिडकीपर्यंत सामान: कपडे धुण्याचं यंत्र, पोती, सायकली, अर्ध्या मंडळींची पुडकी. मधल्या बाकावर मोठी दोन मुलं आणि पुन्हा पुडकी. सीट पुढे, ड्रायव्हरशेजारी, तोंड मागे. माझे टाके दारातून दिसले.

सूशचा नवरा याकोब हार्डर चिठ्ठी हातात घेऊन उभा होता. "काका, ही वाचली. पण आता नाही हो. सामान सगळं बसवलंय. परत आल्यावर बदलू."

मी सांगायला लागलो. ऐरण, भोकं, एअरबॅग. सगळं उलटसुलट झालं. मला बोलता येत नाही.

सूश बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. "काका, चार पोरं वाढली ना त्या सीटमध्ये? काही झालं का? आणि मागे जागा कुठंय?"

"जागा करू."

"बरं, मग तुमची सीट न्या तुम्ही. मी मांडीवर घेते त्याला. आईच्या हातापेक्षा घट्ट काय असतं?"

युस्टीना पुडकं घेऊन माझ्या मागे उभी होती. तिने पुडकं बर्फावर ठेवलं.

"मी घेतलं होतं मांडीवर," ती म्हणाली.

सूश थांबली. हाइनीचं सगळ्यांना माहीत आहे, पण युस्टीनाच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. मीसुद्धा नाही.

"दोन्ही हात त्याच्या पोटावर होते. बोटं एकमेकांत अडकवलेली. अशी." तिने दाखवलं. "सैल नव्हती गं. मला शपथेवर सांगता येईल, सैल नव्हती. तरी मला वाटतं, शेवटच्या क्षणी मी सोडलं असेन. नाहीतर तो गेला कसा? सतरा वर्षं झाली, रोज मी ती बोटं परत अडकवून बघते."

मी तिथे उभा होतो आणि मला कळलं, ती काय समजत होती ते. मला वाटलं होतं तिने स्वीकारलं.

मी म्हणालो, "तू सोडलं नाहीस."

"तुला काय माहीत? तू रस्ता बघत होतास."

"त्या बाईंनी सांगितलं. अग्निशमनवाल्या. मी दोनदा विचारलं. कितीही घट्ट धरलं तरी धरता येत नाही. पैलवानालाही नाही. ती एअरबॅग होती, युस्टीना. तुझे हात नव्हते."

"कधी सांगितलं?"

"जानेवारीत. अकरा तारखेला."

हे सगळं सूशच्या अंगणात, इंजिन चालू, मुलं काचेला नाक लावून. युस्टीना वळली, व्हॅनचं सरकतं दार उघडलं आणि मधल्या बाकावरची पुडकी एकेक करून बाहेर काढायला लागली. पहिलं काढलं ते ओम इझाकच्या सुनेचं, मोठं. मग इतरांची. स्वतःचं तर तिने गाडीत ठेवलंच नाही.

याकोबने इंजिन बंद केलं आणि सायकल उतरवायला घेतली.

तासभर लागला. धुण्याचं यंत्र उतरवलं. ते आता माझ्या दुकानात आहे. नवी सीट मधल्या बाकावर, डोरीनबाईंनी शिकवली तशी घट्ट बांधली. गुडघा दाबून पट्टा ओढला, हलवून पाहिली. सूशने बाळाचा कोट काढून त्याला बसवलं, कोट वरून घातला. मोठ्या मुलांना पट्टे लावले. सूश म्हणाली, "मीही मागेच बसते, याच्याजवळ." याकोब म्हणाला, "मग मला गाणी कोण म्हणून दाखवणार?" "तूच म्हण. आम्ही झोपतो," ती म्हणाली.

निघाले. पुडकी आम्ही गाडीत भरली, घरोघरी परत द्यायला. कुणी खूश होणार नाही.

परतताना मला माफी मागायची होती, पण नेमकी कशाकशाची, ते रस्ताभर मनात मांडत राहिलो आणि घर आलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
प्रार्थनेला गेलो. घरी आल्यावर युस्टीनाने कोट काढायच्या आधीच विचारलं, "नेमके शब्द काय होते तिचे?"

मी सांगितले. तिने मान हलवली आणि चुलीकडे गेली.

नंतर मी माफी मागितली. पाच आठवडे गप्प राहिल्याची. ती म्हणाली, "सतरा वर्षं मीही गप्प होते. भाज्या चिर."

१९ फेब्रुवारी, बुधवार
हार्डर सुखरूप पोचले. वसाहतीतून फोन आला. टेक्सासमध्ये गारांत गाडी रस्त्यावरून घसरून चरात गेली म्हणे, पण कुणाला काही झालं नाही. बाळ झोपेतून उठलंसुद्धा नाही. याकोबने हे हसत सांगितलं. मी फोन ठेवून दुकानात गेलो आणि उभा राहूनच प्रार्थना केली.

नवव्या सीटचे पट्टे कापले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
उणे तीन. वारा दक्षिणेचा, बर्फ वितळतंय. घोड्यांनीच नांगरणाऱ्या एका आमिश शेतकऱ्याचा साज तयार केला, छातीपट्टा आणि लगाम. चामडं, आरी, दोन सुया.

सकाळी युस्टीना पीठ मळत होती. मी कॉफी ओतत होतो. ती म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. पापणी मिटायच्या आत. तीनशे किलोमीटरचा वेग. कितीही घट्ट धरलं तरी. पैलवानालाही नाही. रविवारपासून ही पाचवी वेळ.

मी विचारलं, "पटत नाही का तुला?"

"पटलंय," ती म्हणाली. कोपरापर्यंत पीठ, मळणं चालूच. "तरी सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.